परकी काच, हलता हात

शेरीच्या गैनीनाथाला जन्मात कुठलीच वस्तू नीट धरता आली नाही. औत धरलं तर तास सापासारखं वळायचं. गाईची कास धरली तर गाय चरवी लाथाडायची. चुलतभावाच्या लग्नात कुणीतरी अंतरपाटाचं टोक त्याच्या हातात दिलं, तर ऐन मंगलाष्टकात त्याला शिंक आली आणि त्याने ते सोडून दिलं. नवरानवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांचं तोंड पाहिलं. पुढे त्या जोडप्याचं जे काही वाकडं झालं ते गावाने गैनीनाथाच्या शिंकेवर ढकललं.

असल्या माणसाने हातात धरून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा घ्यावा, आणि पंचक्रोशीने आपल्या मानाचा निवाडा त्या कॅमेऱ्यावर सोपवावा, ही आमच्या भागाची अक्कल. गैनीनाथाला हसताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. गाढवपणा त्याने केला, पण त्या गाढवावर बसून मिरवलं सगळ्या गावाने.

लढाईच्या काळात तो नगरला कॅम्पात होता. गावात सांगायचा, रणगाड्यांच्या खात्यात आहे. खरं म्हणजे गोऱ्या शिपायांच्या खानावळीत तो ताटं विसळायचा. तिथे एक गोरा सार्जंट रणगाड्यांचं शूटिंग करायचा. पाय फाकवून उभा राहायचा, एक डोळा मिटायचा, तोंड वाकडं करायचा आणि हातातलं मशीन घरघर वाजवायचा. हे गैनीनाथाने दुरून पाहिलं. त्यातलं पाय फाकवणं, डोळा मिटणं आणि तोंड वाकडं करणं तो पक्कं शिकला. राहिलेलं मशीन करतं, अशी त्याची समजूत झाली.

लढाई संपली. गोरे बोचकी बांधायला लागले. कॅम्पातलं मोडकंतोडकं सामान लिलावात निघालं आणि नगरच्या भंगाराच्या दुकानांत येऊन पडलं. गैनीनाथाने आपली सायकल आणि बँडमध्ये वाजवायची पिपाणी देऊन एक कॅमेरा उचलला. सोबत कोऱ्या फिल्मचं एकच रीळ मिळालं. बायको मालनबाई हिने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला आणि ह्याच्यात पाणी तापतं का, एवढंच विचारलं. तापत नाही म्हटल्यावर तिने त्या वस्तूकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. घरात अक्कल होती ती एवढीच.

कॅमेरा वाईट नव्हता. लोखंडी, पायलीच्या मापाएवढा, बाजूला चावी. चावी पिळली की आत घरघर सुरू व्हायची आणि विडीचे चार झुरके होईपर्यंत दम संपायचा. पुढे त्याची स्वतःची काच होती, अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्यातून जवळचं माणूस बरं यायचं, पण लांबचं देऊळ तिळाएवढं. गैनीनाथाला हे पटेना. सार्जंटाच्या मशीनला लांबलचक काच होती, कणसासारखी पुढे आलेली. भंगारवाल्याच्या पोत्यात तशीच एक काच पडलेली त्याने हेरली आणि मागून घेतली. ती दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनची होती. पण दोघी एका पोत्यात निघाल्या म्हणजे सख्ख्या बहिणी, असा गैनीनाथाचा हिशेब.

मूळची काच काढली, पण ही बसेना. तिचे आटे वेगळे, कॅमेऱ्याच्या तोंडाचे आटे वेगळे. एखाद्याने म्हटलं असतं की बाबा, देवाने जोडी जमवलेली नाही, सोड. गैनीनाथाने मोडक्या पेट्रोमॅक्सचं पितळी कडं कापलं, ते काचेच्या बुडाला बसवलं, कासाराकडून लाख आणून तापवून ओतली आणि काच कॅमेऱ्याला डकवून टाकली. डकवली ती पक्की. फक्त जिथे बसायला हवी होती तिथून जोंधळ्याच्या दाण्याएवढी पुढे.

जोंधळ्याचा एक दाणा तो काय. पण ह्या काचांचा स्वभाव सोवळ्यातल्या म्हातारीसारखा असतो, ठरल्या अंतरावर बसली तरच नीट बोलते. दाण्याएवढी पुढे सरकली की लांबचं सगळं तिला धुकं होतं, आणि दहा-बारा फुटांवरचं तेवढं स्वच्छ दिसतं. बरं, हे गैनीनाथाला कळायचा मार्ग नव्हता. त्या कॅमेऱ्याला बघायची खिडकी वेगळी असते, चित्र घेणारी काच वेगळी. खिडकीतून सगळं लख्खच दिसायचं. गैनीनाथ खिडकीतून बघायचा आणि मान डोलवायचा.

आता काठीचं सांगायला पाहिजे.

पाथर्डीच्या बाजूच्या आमच्या डोंगरावर नाथाचं देऊळ आहे. फाल्गुनात यात्रा भरते. गावोगावच्या काठ्या येतात. काठी म्हणजे उंच बांबू, त्याला रंगीत फडकी, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. बुडखा मानकऱ्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात आणि चारी बाजूंनी दोर धरलेले गडी. काठी उभी नाचवत डोंगर चढायचा आणि शेंडा देवळाच्या कळसाला टेकवायचा. ज्या गावाची काठी आधी टेकेल त्याचा वर्षभर मान. पहिला नैवेद्य त्याचा, पहिली आरती त्याची, आणि चिलीम फिरली तर पहिला झुरकाही त्याचाच.

शेरी आणि चिंचेवाडी ह्या दोन गावांचं ह्यावरून जुनं वैर. दोन्ही काठ्या एकदमच कळसाजवळ पोचायच्या. शेंडे वाऱ्यावर डुलायचे, मोरपिसं एकमेकांत घुसायची, आणि खालून दोन्ही गावं ओरडायची, आमची टेकली. आदल्या यात्रेला डोकी फुटली. तेव्हा डोंगरावर धुनी राखणारे गोरक्षबुवा गोसावी भडकले. पुढल्या वर्षी कुणाची काठी आधी लागली हे पुराव्यानिशी ठरेल, आणि ठरेल तो मान कायमचा, नाहीतर दोन्ही गावांच्या काठ्या डोंगराखालीच ठेवा, असं त्यांनी बजावलं.

शेरीच्या काठीचे मानकरी आप्पासाहेब. मोठा जमीनदार माणूस. पोट पुढे, माणूस मागे. काठी त्यांच्या कमरेला असायची पण भार दोर धरणाऱ्या गड्यांवर. त्यातला भीमा नावाचा गडी तर म्हणे बुडख्याखाली पाठ द्यायचा. आप्पासाहेब फक्त घाम पुसायचे, तोही दुसऱ्याच्या उपरण्याला. तीन पिढ्यांचा मान ह्या माणसाच्या हातून जाणार की कायमचा राहणार, एवढंच त्या वर्षी शेरीत बोललं जात होतं.

चिंचेवाडीची सूत्रं राहीबाईंच्या हातात. सासरा मानकरी होता, नवरा मानकरी होता, आता मुलगा. पण मुलगा नुसता काठी धरायचा, बोलायच्या त्या राहीबाई. त्यांची जीभ अशी की बाभळीने काटे उसने न्यावेत.

धुनीवर बैठक बसली. पुरावा कसला द्यायचा ह्यावर सगळे खाली मान घालून बसलेले असताना गैनीनाथ उठला. बोलावलं कुणी नव्हतं. पाय फाकवून उभा राहिला आणि आपल्याकडे हलत्या चित्राचं मशीन आहे म्हणाला.

"मानूस खोटं बोलंल, पंच फितूर हुतील. काच न्हाई खोटं बोलत."

राहीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काच न्हाई बोलत, व्हय. पन काच धरनारा शेरीचा हाय."

मग त्यांनीच अट घातली. फिल्मची डबी यात्रा झाली की तिथल्या तिथे बुवांच्या हातात द्यायची. मुंबईला धुवायला बुवा पाठवतील, परत पार्सल बुवांच्या नावावर येईल, आणि सगळ्यांसमोर फोडून जशीच्या तशी पडद्यावर दाखवायची. मध्ये कुणी कापाकापी करायची नाही. आप्पासाहेब हसून हो म्हणाले. त्यांना गैनीनाथाची खात्री नव्हती, स्वतःची होती. असल्या माणसांना ती असतेच.

गैनीनाथाला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तोंडाला लगाम घालणं म्हणजेही काहीतरी धरणंच की. त्याने धुनीतली राख उचलून कपाळाला लावली आणि शपथ घेतली. फिल्म साफ निघाली नाही तर मशीन ह्याच धुनीवर आणून ठेवीन, आणि पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावणार नाही. मंडळी गंभीर झाली. त्या दिवसापासून शेरी त्याला गैनीमास्तर म्हणायला लागली. हे एक बिरूद त्याला जन्मभर हवं होतं. बँडमध्ये असताना त्याला मास्तर म्हणायचे, पण तेव्हा डोळे मिचकावून.

यात्रेच्या पंधरा दिवस आधी नाथाच्या समाधीला तेल लागतं. गावोगावचं तेल डोंगरावर जातं आणि त्या दिवसापासून यात्रा होईपर्यंत आमच्या भागात कढई चुलीवर चढत नाही. तेल देवाला, तळण कुणालाच नाही. मानकऱ्याला आणखी कडक. त्याच्या गळ्यात काळ्या लोकरीची दोरी घालतात, तिला सैली म्हणतात. ती गळ्यात आहे तोवर तळलेलं तोंडात घातलं की मान तुटला. ह्याला पंचायत लागत नाही, निवाडा लागत नाही.

तेल लागून आठवडा झाल्यावर गैनीनाथ कॅमेरा घेऊन आप्पासाहेबांच्या मळ्यात गेला. नवी काच चालते का, हे त्याला तपासून बघायचं होतं. मळ्यातल्या आंब्याखाली आप्पासाहेब बाजेवर बसलेले. गळ्यात सैली. पुढ्यात कांद्याची भजी. विहिरीच्या पलीकडे आडोशाला छबूबाई नावाची बाई कढईशी बसली होती. तिथून वारा गावाकडे जात नाही, हे आप्पासाहेबांनी आधी धोतराचा सोगा धरून बघितलं होतं. माणसाने नाथाला फसवायचं ठरवलं की तो वाऱ्याचीसुद्धा दिशा बघतो.

गैनीनाथ पाहून न पाहिल्यासारखं करत कॅमेरा डोळ्याला लावून दहा-बारा फुटांवर उभा राहिला.

"नुस्तं बसू नका, सायेब. फोटू न्हाई ह्यो. हालतं काय तरी करा."

"काय करू? नाचू?"

"खावा की. पुढ्यात हाय ते खावा."

आप्पासाहेबांचा हात भज्यापर्यंत जाऊन थांबला. "आन् ह्ये कुनी बघितलं तर? गळ्यात सैली हाय माझ्या."

"पयला भाग उजेडानं जळूनच जातो. काळाकुट्ट निघतो. कुनाच्या बापाला दिसत न्हाई."

ह्यात थोडं खरं होतं. रीळ भरताना तोंडाशी उजेड लागून फिल्मची पहिली दोन-चार हात लांबी वाया जाते. सार्जंट ती तशीच पळवायचा, हे गैनीनाथाने पाहिलं होतं. पण तीही सुरुवातीची, आणि गैनीनाथाने तर ती आधीच घरी, मालनबाईला घरघर ऐकवण्यासाठी, पळवून टाकली होती. तिने मान वर केली नाही म्हणून त्याने चावी पिळून पुन्हा ऐकवली होती. जी जळायची ती जळून गेली होती. मळ्यात आंब्याखाली जी फिल्म आप्पासाहेबांच्या तोंडासमोर फिरली ती अगदी कोरी, ताजी.

आप्पासाहेब निवांत खात राहिले. चावीचा दम संपला. तपासणी झाली, असं गैनीनाथ म्हणाला. काय तपासलं ते नाथ जाणे. फिल्म धुवून आल्याशिवाय तिच्यावर काय उमटलं हे बघता येत नाही. एकच रीळ, तेही अर्धं आत गुंडाळलेलं. म्हणजे परीक्षा घेतली आणि पेपर बंद पेटीत टाकला. तरी जाताना द्रोणात भजी घेऊन गेला.

यात्रेच्या दिवशी गैनीनाथ डोंगरावर बैलगाडीवर उभा. उंचावरून दिसेल म्हणून. गाडीला बैल जुंपलेलेच, कारण सोडले तर गाडी उताराला जाईल. हलग्या कडाडत होत्या आणि प्रत्येक ठोक्याला बैल कातडी थरथरवत होते. बैल हलला की गाडी हलायची, गाडी हलली की गैनीनाथ, आणि गैनीनाथाच्या हातात ती लांबडी काच. लांबच्या काचेत देऊळ जितकं मोठं दिसतं तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. बोटभर हललं तर पडद्यावर कळस शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर उडी मारतो.

यात्रांना तंबू घेऊन फिरणारा हैदर तिथे होता. लढाईत सरकारच्या प्रचाराच्या गाडीवर तो सिनेमाचं मशीन चालवायचा. गाडी गेली, मशीन कसं कोण जाणे त्याच्याकडेच राहिलं. हाही काही साधू नव्हता. त्याच्याकडे लाकडी तिपाई होती. ती देतो म्हणाला, पण चित्र दाखवायच्या वेळी हैदरभाईंच्या तिपाईवर घेतलेलं, असं ओरडून सांगायचं ही अट. आपल्या कीर्तीत भागीदार आलेला गैनीनाथाला सोसेना.

"तिपाई म्हाताऱ्याला लागती. माज्या हातात दम हाय."

"दम हाय म्हनून तर हालतोय," हैदर म्हणाला आणि तिपाई खांद्यावर टाकून निघून गेला.

काठ्या आल्या. शेरीची एका अंगाने, चिंचेवाडीची दुसऱ्या. धूळ, गुलाल, घामाचा वास. दोन्ही शेंडे कळसाकडे वाकले. गैनीनाथाने डोळा मिटला, तोंड वाकडं केलं, खटका दाबला. इथवर ठीक. पण आमच्याकडे काठी टेकली की हात वर जातात. लंगड्याचा जातो, आजाऱ्याचा जातो, पोर कडेवर असेल तर पोराचाही वर करतात. गैनीनाथ नाथाच्या नवसाने झालेला, नाव नाथाचं. शेंडा कळसाला लागताना दिसला, पोटातून जयजयकार निघाला आणि त्याचा हात वर गेला. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेवढ्या क्षणाला कॅमेरा एका हातात लोंबत, गाडीच्या चाकाकडे, बैलाच्या शेपटीकडे, आभाळाकडे बघत राहिला. मग भानावर येऊन त्याने परत कळस धरला, पण तोवर दोन्ही काठ्या टेकल्या होत्या आणि दोन्ही गावं नाचत होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. खाली उतरून डबी बुवांच्या हातात दिली आणि म्हणाला, आलंय सगळं.

पार्सल यायला वैशाख उजाडला. तेवढ्या काळात गैनीमास्तराचा थाट काय सांगावा. लग्नाच्या पंगतीत त्याला आप्पासाहेबांच्या शेजारी पाट. पोरींचे बाप त्याला विचारायचे, आमच्या सोयरिकीचंही घ्याल का. तो तारीख बघून सांगतो म्हणायचा. आप्पासाहेबांनी मिरवणुकीसाठी बँड ठरवून ठेवला. तोच बँड, ज्यातून गैनीनाथाला हाकललं होतं.

डोंगराखालच्या बाजारपेठेत एका भुसारवाल्याचं रिकामं गोदाम होतं. भर दुपारी त्याच्या झरोक्यांना पोती लावून अंधार केला. हैदरने बाहेर इंजिन सुरू केलं, आत मशीन मांडलं, भिंतीवर धोतर ताणलं. दोन्ही गावची माणसं कोंबून भरली. मध्ये बुवा. पुढे आप्पासाहेब, जरीचा फेटा. दुसऱ्या अंगाला राहीबाई, पदर खोचून. बुवांनी पार्सल सगळ्यांना दाखवलं, दोरा तोडला, डबी हैदरला दिली.

पडद्यावर आधी पांढरं फडफडलं. मग आप्पासाहेब आले.

असे आले की पुढे बसलेली पोरं मागे सरकली. नुसतं तोंड, पण अंगणाएवढं. काय स्वच्छ. मिशीचा केस न् केस वेगळा. गालावरचा मस, नाकातली लव, कपाळावरचा घामाचा थेंब. आणि गळ्यात काळी लोकरीची सैली, तिचा पीळसुद्धा मोजून घ्यावा. मग खालून हात आला. हातात भजं. भजं तोंडात गेलं. जबडा चालला. कांद्याची एक कुरकुरीत शेपटी मिशीला अडकली, जिभेने बाहेर येऊन ती आत ओढली. ओठावर तेल चकाकलं. मग दुसरं भजं आलं.

हैदरच्या मशीनची टकटक चालू होती. तिसऱ्या भज्याला मागून कुणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज आला.

मग एकदम धुकं. धुक्यात काहीतरी करडं, उडत होतं. ते देऊळ असावं. ते ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळालं, पुन्हा परत आलं, वाकडं झालं. दोन फराटे, ते काठ्या असतील किंवा नसतील, धुरासारखे एकमेकांत गेले. कळस होता का पाखरू होतं, नाथाला ठाऊक. बघणाऱ्यांची डोकी पडद्याबरोबर डुलायला लागली, एका म्हातारीला मळमळलं. मग आभाळ, चाकाची धाव, आणि पडदाभर बैलाचं ढुंगण. तेही धूसर, पण ओळखू येईल इतपत. मग पुन्हा पळतं देऊळ आणि फिल्म संपली.

धोतरावर नुसता उजेड पडला. त्या उजेडात राहीबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता.

"आप्पा, सैली बी हाय आन् भजं बी हाय. तू कुनाचा मान ठिवला रं?"

आप्पासाहेबांचा फेटा हलला. "ते भजं न्हाई. गुळाचा लाडू हाय."

"लाडवाला कांदा लोंबतो व्हय?"

हैदरने विचारलं, परत दाखवू का. त्याने विचारायला नको होतं. परत दाखवली. त्या खेपेला चिंचेवाडीची पोरं प्रत्येक घासाला मोठ्याने मोजत होती. शेरीची माणसं खाली बघत होती, आणि ती देवभक्तीने नव्हे. त्या पंधरा दिवसांत शेरीत आडोशाआडोशाला कुठे कुठे कढई चढली होती हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. आप्पासाहेबांनी खाल्लं ह्याचा त्यांना राग नव्हता. एवढ्या साफ दिसेल असं खाल्लं, ह्याचा होता.

गोरक्षबुवांनी निवाड्याला वेळ लावला नाही. काठ्यांचं काहीच दिसलं नाही, तेव्हा त्यावर बोलणं नाही, म्हणाले. पण जे दिसलं ते दिसलं. सैली गळ्यात असताना तळण खाल्लं, शेरीचा मान त्याच दिवशी मळ्यात तुटला. काठी डोंगरावर जाईल ती पुढे चिंचेवाडीची, मागे शेरीची. कायमची.

आप्पासाहेब उठले. दारात आपल्या वहाणा सोडून कुणाच्यातरी घालून चालू लागले. बाहेर बँडवाले तयारीत बसले होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

आणि गैनीनाथ? माणसाला लाज असती तर त्याने त्या अंधाराचा फायदा घेऊन पोत्यांमागून काढता पाय घेतला असता. तो मशीनच्या उजेडात पुढे आला. चेहऱ्यावर असा आनंद की मुलगा झालाय.

"साफ आली का न्हाई, सांगा. मिशीचा केस न् केस मोजून घ्या."

शेरीतला कुणीतरी दात चावत म्हणाला, "आन् काठी?"

"काठी लांब हुती."

त्याला खरोखर वाटत होतं की कामगिरी फत्ते झाली. तीन पिढ्यांचा मान गेला, ज्याच्या जिवावर पंगतीत पाट मिळत होता तो आप्पा तोंड लपवून गेला, आणि हा भज्याच्या कडा किती रेखीव आल्या ते सांगत होता. भीमा तेवढा उठला, त्याच्या मुस्कटात मारायला. पण इतक्या मूर्खाला मारून हात विटाळायचा कशाला, असं काहीसं पुटपुटत परत बसला.

शपथेची आठवण राहीबाईंनी करून दिली. साफ निघाली नाही तर मशीन धुनीवर, असं ठरलं होतं. गैनीनाथाने वाद घातला, की अर्धी साफ निघाली. बुवा म्हणाले, मग अर्धं मशीन ठेव. त्यांनी चेष्टा केली होती. गैनीनाथाने ती मनावर घेतली. चुलीवर लाख वितळवून लांब काच सोडवली आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर नेऊन ठेवली. सगळी खोट ह्या परक्या काचेची, माझा हात निर्मळ आहे, असं नाथाच्या साक्षीने म्हणाला. काचेला तोंड असतं तर तिने काय म्हटलं असतं ते सगळ्यांना कळलं, त्याला सोडून.

अर्ध्या शपथेने अर्धा कॅमेरा त्याच्याकडे राहिला. फिल्म पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी त्याला देणारा कोण होता. तरी आसपासच्या लग्नांना तो अजून जातो. पाय फाकवतो, डोळा मिटतो, चावी पिळून रिकामं मशीन घरघर फिरवतो. आणि लोक, ज्यांनी गोदामात बसून ते पळतं देऊळ बघितलं तेच लोक, फेटा नीट करून त्याच्यासमोर ताठ उभे राहतात. आत फिल्म नाही हे सगळ्यांना माहीत आहे. शेरी आता त्याला भजीमास्तर म्हणते. मास्तर हा शब्द त्यात आहे, तेवढ्यावर तो खूश आहे.

आप्पासाहेब यात्रेला येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. काठीचा चामडी पट्टा मळ्यात खुंटीला आहे, त्यात आता मोटेचा दोर अडकवतात.

लांब काच मात्र डोंगरावर कामाला लागली. दुपारी ऊन चढलं की गोरक्षबुवा ती धुनीशेजारच्या कोनाड्यातून काढतात आणि चिलमीच्या तोंडावर धरतात. जरा वर, जरा खाली करतात. उन्हाचा ठिपका आधी पसरट असतो, मग लहान होत होत मोहरीएवढा होतो. तिथे ते हात थांबवतात. गांजा धुमसतो. पहिला झुरका आता चिंचेवाडीचा. पुढल्या वर्षीच्या यात्रेनंतरच्या आठवड्यात राहीबाईंचा मुलगा तिथे बसला होता. चिलीम हातात घेताना त्याने विचारलं, बुवा, ही तीच काच ना, जिच्यातून काही दिसलं नव्हतं.

बुवा म्हणाले, "काचंला दिसत हुतं."